जँगो ४.२ वरून ५.२ वर कसं जायचं (थेट उडी न मारता)

तुमचं प्रोजेक्ट अजून जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ४.२ वर असेल तर हे वाचा, कारण ४.२ चे सिक्युरिटी पॅच एप्रिल २०२६ पर्यंतच होते, आणि "चाललंय ना, कशाला हात लावायचा" हे फार दिवस चालत नाही. पुढची एलटीएस (जास्त काळ पॅच मिळणारी आवृत्ती) म्हणजे ५.२, ती एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत पॅच मिळणारेत. ६.० पण आलीये डिसेंबर २०२५ मध्ये, पण ती एलटीएस नाही आणि तिला पायथन किमान ३.१२ लागतं, त्यामुळे क्लायंटचं काम असेल तर मी तरी ५.२ वरच थांबेन. (आणि हो, जँगोच्या इंग्रजी स्पेलिंगमधला डी सायलेंट आहे, गिटारवाल्या जँगो राइनहार्टवरून नाव ठेवलंय. डीजँगो म्हणू नका.)

सुरुवातीला मी काय मूर्खपणा केला ते सांगतो. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये ४.२ खोडून सरळ ५.२ लिहिलं, पिप इन्स्टॉल मारलं आणि एकदम इतके एरर आले की कुठला कशामुळे आलाय तेच कळेना. मग सगळं उलटं फिरवलं आणि ५.०, ५.१, ५.२ असं एकेक पायरीने गेलो. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पण हेच सांगितलंय, पण ते आपण हात पोळल्यावरच वाचतो.

तर आधी गिटची वेगळी ब्रांच काढा, डेटाबेसचा डंप (पूर्ण कॉपी) घ्या, आणि व्हर्जनं बघा. पायथन ३.१० तरी हवं, आणि डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर ५.२ ला ते १४ किंवा पुढचं लागतं. जुन्या स्वस्तातल्या सर्व्हरवर पोस्टग्रेसचं व्हर्जनच नडतं बरेचदा, आणि डेटाबेसचं अपग्रेड हे वेगळं काम आहे, ते याच दिवशी करू नका. मग ४.२ मधलाच सगळ्यात शेवटचा पॅच टाका आणि टेस्ट चालवताना पायथनला डॅश, कॅपिटल डब्ल्यू, स्मॉल ए असा फ्लॅग द्या. एरवी लपून बसणाऱ्या डेप्रिकेशन वॉर्निंग (हे पुढे काढून टाकणार, अशा सूचना) आता समोर येतात, आणि ५.० मध्ये काय जाणार, ५.१ मध्ये काय जाणार हे त्या वॉर्निंगच्या नावातच असतं. या सगळ्या संपवा, मगच पुढची पायरी. जँगो-अपग्रेड नावाचं एक टूल आहे, ते बरीचशी हमाली स्वतःच करतं, पण त्याने काय बदललं ते डिफमध्ये नीट वाचा.

आता खरं दुखणं. ५.० मध्ये लॉगआउटची साधी लिंक बंद झाली. म्हणजे तुमच्या नेव्हबारमध्ये अँकर टॅग असेल तर दाबल्यावर ४०५ एरर (ही पद्धत चालत नाही) येतो, कारण लॉगआउट आता फक्त पोस्ट रिक्वेस्टने, म्हणजे फॉर्म सबमिट करूनच होतं. तिथे छोटा फॉर्म टाका, सीएसआरएफ टोकनसकट (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण), आणि बटणाला सीएसएसने लिंकचं रूप द्या.

दुसरं म्हणजे टाइमझोन. यूज-टीझेड ही टाइमझोन वापरायचे की नाही ते ठरवणारी सेटिंग आधी न लिहिल्यास फॉल्स धरली जायची, ५.० पासून ट्रू धरतात. नवीन प्रोजेक्ट काढलं की ती फाइलमध्ये आपोआप येते, म्हणून बहुतेकांना काही होत नाही, पण कुणीतरी कधीतरी ती ओळ उडवलेली असेल आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल, तर आधी भारतीय वेळेत साठवलेला डेटा आता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचला जातो, आणि सकाळी १० ची अपॉइंटमेंट स्क्रीनवर दुपारी ३:३० ची दिसते. एररबिरर काही नाही! अशा वेळी ती सेटिंग स्वतः फॉल्स लिहून टाका, अपग्रेड उरका, आणि जुना डेटा यूटीसीत न्यायचं काम नंतर सावकाश करा. पाय-टीझेड या टाइमझोनच्या लायब्ररीचा सपोर्ट पण ५.० मध्येच गेलाय, त्याच्या जागी पायथनमधलंच झोनइन्फो वापरा.

तिसरं ५.१ चं, आणि हे सगळ्यात चोरटं आहे. डीफॉल्ट-फाइल-स्टोरेज आणि स्टॅटिकफाइल्स-स्टोरेज या दोन सेटिंग काढल्यात, आता सगळं स्टोरेजेस नावाच्या एका डिक्शनरीत लिहायचं. जुनी ओळ तशीच ठेवलीत तर जँगो ओरडत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, आणि तुमचे एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजवर) जाणारे फोटो गुपचूप सर्व्हरच्या डिस्कवर पडत राहतात. मॉडेलच्या मेटामधलं इंडेक्स-टुगेदर पण ५.१ मध्येच काढलंय, ते इंडेक्सेसमध्ये हलवा, हे निदान एरर तरी देतं.

एवढं केल्यावर मिळतं काय? मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी फालतू वाटेल, ५.२ च्या शेलमध्ये सगळी मॉडेल्स आपोआप इम्पोर्ट होतात. दिवसातून दहा वेळा तीच ओळ टाइप करणाऱ्यालाच याची किंमत कळेल. ५.१ मधलं लॉगिन-रिक्वायर्ड मिडलवेअर पण भारी आहे, प्रत्येक व्ह्यूला डेकोरेटर लावायची गरज नाही, उलट जे पान सगळ्यांना दिसायला हवं त्यालाच लॉगिन-नॉट-रिक्वायर्ड लावायचं, फक्त ते ऑथेंटिकेशन मिडलवेअरच्या खाली ठेवा. ५.२ मध्ये कॉम्पोझिट प्रायमरी की (एकापेक्षा जास्त कॉलम मिळून बनलेली) आलीये, पण लगेच उड्या मारू नका, तसं मॉडेल अजून ॲडमिनमध्ये रजिस्टर होत नाही आणि त्याच्याकडे फॉरेन की लावता येत नाही.

डिप्लॉयच्या आधी मेकमायग्रेशन्स कमांडला चेक हा फ्लॅग लावून चालवा, म्हणजे राहिलेली मायग्रेशन्स (डेटाबेसच्या रचनेतले बदल) कळतील, आणि नवीन कोड चढला की कॅश रिकामी करा, कारण जुन्या व्हर्जनने पिकल करून (पायथनच्या पद्धतीने बांधून) ठेवलेलं नव्याला वाचता येईलच असं नाही. टेस्ट हिरव्या असल्या तरी एकदा हाताने लॉगआउट दाबा, एक फोटो चढवून तो नक्की कुठे पडला ते बघा, आणि एखादी जुनी नोंद उघडून तिची वेळ तपासा. जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आठवडाभर तरी उडवू नका.