भट्टीतला सांधा आणि गॅसची ज्योत: शिकण्याआधीची तयारी

भट्टीतला सांधा, म्हणजे लोखंड तापवून घावांनी एकजीव करणं, ताकदीवर जमत नाही, तयारीवर जमतो. लोखंड बाहेर काढल्यावर हातात जेमतेम दोन-तीन सेकंद असतात, म्हणून ऐरण भट्टीपासून एका पावलावर घ्या आणि हातोडा तिच्यावरच ठेवा. साधारण किलोभराचा पुरे. सांडशी पट्टी घट्ट धरते ना, हे गार असतानाच बघा.

सरावाला साधी एमएसची (माइल्ड स्टील, मऊ पोलादाची) पट्टी आणा. बांधकामाची सळई नको, तिच्या पोलादाचा भरवसा नसतो. जस्त चढवलेला पाइप तर भट्टीजवळही नको. त्याच्या धुराने ताप भरतो. पहिला सांधा दोन तुकड्यांचा करू नका. एकच पट्टी दुमडा आणि घडी जोडा, म्हणजे तुकडे सटकायची भानगड राहत नाही. पुढे दोन टोकं जोडताना ती आधी ठोकून जाड करायची, मग तिरपा उतार द्यायचा, आणि उताराचा मध्य किंचित फुगीर ठेवायचा. सपाट किंवा खोलगट ठेवलात तर मळ आतच अडकतो.

टाकणखार (बोरॅक्स) कच्चा वापरला की तापल्यावर फुगतो आणि गळून पडतो. तव्यावर त्याची लाही करा, कुटून कोरड्या डब्यात भरा. पट्टी लालभडक झाली की खपली ब्रशने झाडून तो भुरभुरायचा. पाकासारखा वितळून तो लोखंडाला हवेपासून झाकतो. त्याआधी भट्टीतला खंगर (कोळशाच्या राखेचे वितळून घट्ट झालेले गोळे) काढा आणि कोळशाचा थर जाड ठेवा. थर पातळ असला की भात्याचा वारा थेट लोखंडावर येतो. आता नजर रंगावर. पिवळा पांढुरकेपणाकडे झुकला, पृष्ठभाग ओला चकचकीत दिसला, की काढा. हे साधारण 1200 ते 1300 अंश सेल्सिअस असतं. ठिणग्या उडाल्या तर लोखंड जळू लागलं. पहिले घाव हलके, मधून कडेकडे. बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच जोडली जायची, आणि दिल्लीतल्या मेहरौलीचा सहा टनांहून जड लोहस्तंभही याच रीतीने घडला. लोहाराच्या विद्येत याहून सुंदर काही मला तरी माहीत नाही.

गॅस वेल्डिंगकडे वळताना आधी सिलिंडर. काळा ऑक्सिजनचा, मरून जळणाऱ्या वायूचा, म्हणजे अ‍ॅसिटिलीनचा. दोन्ही साखळीने उभे बांधा. अ‍ॅसिटिलीन कधीच आडवं नको, वायू विरघळवून ठेवणारं आतलं अ‍ॅसिटोन बाहेर येतं. या सिलिंडरचे आटे डावे असतात, बळजबरी करू नका. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये, आग लागते. दोन्ही लाइनवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी फिरलेली ज्योत अडवणारा भाग, हवाच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा. अ‍ॅसिटिलीनचा दाब 15 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर नेऊ नका. पेटवताना आधी अ‍ॅसिटिलीन, ठिणगी लायटरने, मग ऑक्सिजन हळूहळू. आतल्या शंकूभोवतीचं पिसासारखं धुरकट टोक नाहीसं होतं तिथे थांबा. स्टीलला हीच ज्योत हवी. फिलरला (सांध्यात वितळवून भरायच्या धातूला) तांब्याचा मुलामा असलेली एमएस रॉड, डोळ्यांना 5 नंबर काचेचा गॉगल.

अंगात सुती कपडे, पायात चामडी बूट, पँट बुटाच्या बाहेर. वाळूची बादली हाताशी ठेवा, दारं-खिडक्या उघड्या. आणि व्हाईस विसरू नका: गार झालेला सांधा त्यात धरून वाकवायचा, जोड उघडला तर पट्टी कापून परत भट्टीत.