बटाट्यावरील पीव्हीवायचा स्ट्रेन ओळखताना एका जनुकावर भागत नाही

पोटॅटो व्हायरस वाय, म्हणजे पीव्हीवाय, हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय धागा, सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइडचा (अक्षरांचा) असतो. ओ आणि एन या स्ट्रेनचे (उपप्रकारांचे) तुकडे जुळून झालेले संकर शेतात सर्रास सापडतात. एन-ओ प्रकारात सुरुवातीचा साधारण पाव भाग एनचा, पुढचा सगळा ओचा. आवरण प्रथिनाचे ८०१ न्यूक्लिओटाइडचे जनुक शेवटाकडे असल्याने तेवढ्याचाच क्रम वाचला तर हा संकर ओ म्हणून नोंदला जातो. तंबाखूवर मात्र तो एनसारख्या शिरा करपवतो. त्यामुळे सुरुवातीकडचे, एचसी-प्रो या प्रथिनाचे जनुकही वाचायलाच हवे.

शेंड्याकडची, लक्षणे दिसणारी कोवळी पाने घ्या. एक झाड, एक पिशवी. झाड बदलले की हातमोजेही बदला. अनेक झाडांची पाने एकत्र कुटू नका, पुढे काहीच उलगडत नाही. नमुने बर्फात ठेवून आणा आणि उणे ८० अंशांवर साठवा.

१०० मिलीग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटून १ मिली ट्रायझॉलमध्ये (आरएनए वेगळा करणाऱ्या द्रावणात) घ्या. आरएनएची शुद्धता दाखवणारे २६०/२८० प्रकाशशोषणाचे गुणोत्तर २ च्या जवळ हवे. २६०/२३० फार कमी आले तर शर्करा, फिनॉल किंवा ट्रायझॉलचा अंश उरला आहे. आरएनए पुन्हा शुद्ध करा.

सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवताना आरएनएच्या टोकाच्या शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी प्रायमर (प्रत सुरू करणारा छोटा तुकडा) आवरण प्रथिनापुरता ठीक. एचसी-प्रो शेपटीपासून सात हजारांहून अधिक न्यूक्लिओटाइड लांब आहे आणि एन्झाइम बरेचदा तिथवर पोचतच नाही. त्यासाठी रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर) किंवा त्या भागाच्या लगेच पुढचा उलटा प्रायमर वापरा. पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवताना) कमी चुका करणारे पॉलिमरेज, म्हणजे प्रती बनवणारे एन्झाइम, घ्या, नाहीतर टॅक पॉलिमरेजच्या चुका उत्परिवर्तने म्हणून मोजल्या जातील. निरोगी झाड आणि नुसते पाणी, ही दोन नियंत्रणे दर वेळी ठेवा.

आता सर्वांत फसवी जागा. एचसी-प्रो एनचे आणि आवरण प्रथिन ओचे निघाले, म्हणून लगेच संकर म्हणू नका. एकाच झाडात दोन स्ट्रेन असले तरी हेच दिसते. २,४०० व्या न्यूक्लिओटाइडच्या आसपासचा, एन आणि ओ जुळतात तो सांधा ओलांडणारा एकच सलग तुकडा वाढवा. सीक्वेन्समध्ये जोडशिखरे (एकाच जागी दोन अक्षरांचे संकेत) दिसली तर उंच शिखर निवडून पुढे जाऊ नका. तुकडा जिवाणूंत क्लोन करून ८-१० वसाहतींमधला क्रम वाचा. मिश्र नमुन्यात अर्धवट वाढलेला धागा दुसऱ्या साच्याला चिकटून पीसीआरमध्येच खोटा संकर तयार होतो. म्हणून चक्रे कमी, वाढीचा वेळ जास्त ठेवा आणि आरएनएपासून दोनदा स्वतंत्र आरटी-पीसीआर (सीडीएनए बनवण्यापासून पीसीआरपर्यंत सगळे) करा. दोन्ही वेळा सांधा त्याच जागी आला, तरच तो धरा.

प्रायमरचा भाग कापून टाका, कारण तो क्रम विषाणूचा नसून तुम्ही मागवलेला असतो. कोडॉननुसार (तीन-तीन अक्षरांच्या गटांनुसार) क्रमांची जुळणी करा. वंशवृक्षाआधी आरडीपीसारख्या प्रोग्रामने संकर शोधून बाजूला काढा; ते राहिले तर वंशवृक्षाच्या फांद्याच चुकीच्या जागी जातात. फांद्या किती भरवशाच्या ते तपासणारे बूटस्ट्रॅप १,००० वेळा चालवा. पॉटीव्हायरस, म्हणजे पीव्हीवायच्या गटाची, ७६ टक्के साम्याची मर्यादा प्रजाती वेगळी करण्यासाठी आहे, तिच्यावरून स्ट्रेन ठरवू नका. सांध्यांच्या जागा पाहा आणि तंबाखूच्या रोपांवर टोचणी करून शिरा करपतात का, तेही तपासा.