जुन्या लॅपटॉपवर स्टॉकफिश कसं पळवायचं

२०२५ला गोव्यात बुद्धिबळाचा फिडे वर्ल्ड कप झाला तेव्हापासून आमच्या फोंड्यात जो तो स्टॉकफिश (बुद्धिबळाच्या चाली शोधणारा प्रोग्राम) टाकतोय आणि मग स्लो आहे म्हणून रडतोय, तर ऐका. आधी बिल्ड (प्रोसेसरप्रमाणे बनवलेली आवृत्ती) बघा, प्रोसेसरला एव्हीएक्स२ (एका फटक्यात अनेक आकडेमोडी करणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स) असेल तर तेच बिल्ड घ्या, कारण २०२०पासून स्टॉकफिशमध्ये डाव जोखणारं न्यूरल नेटवर्क आहे आणि ते गणित या इन्स्ट्रक्शन्सवर भराभर होतं. बीएमआय२ (दुसऱ्या इन्स्ट्रक्शन्सचं) बिल्ड मात्र जुन्या एएमडी रायझन प्रोसेसरवर (झेन १, झेन २) उलट हळू पडतं. सेटिंगमध्ये थ्रेड्स (एका वेळी चालणारी कामं) डिफॉल्ट १च असतो, तो प्रोसेसरच्या कोअर्सइतका करा. रॅम असेल तर हॅश (तपासलेले डाव लक्षात ठेवायची मेमरी) १६वरून १०२४ एमबी करा. मग बेंच कमांड देऊन सेकंदाला किती नोड्स (तपासलेल्या डावस्थिती) होतात ते बघा. आणि मे महिन्यात पंख्याखाली बसवा रे लॅपटॉपला, तापला की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) उतरतो, माझा तर दहा मिनिटांत ढेपाळतो!