सहावी ते आठवीच्या वर्गात शिकवताना संयम आणि चिकाटी कशी ठेवावी

सहावी, सातवी आणि आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकाकडून संयमाची अपेक्षा सगळेच करतात. पण चाळीस मिनिटांच्या तासिकेत तो नेमका कसा पाळावा, हे क्वचितच कोणी सांगते. केवळ मनाला बजावून आणलेला संयम दिवाळीपर्यंतही टिकत नाही. माझ्या मते या वर्गांत संयमाला खरा आधार माहितीचा असतो. लेकरू कोणत्या पायरीवर अडले आहे हे ज्या शिक्षकाला ठाऊक असते, त्याला राग कमी येतो, कारण पुढे काय करायचे ते त्याला दिसत असते. पुढील सूचना मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमधील शिक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत.

जूनमध्येच पाया तपासावा

शाळा उघडल्यावर पहिला पंधरवडा पाठ्यपुस्तकाची घाई करू नये. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेकट्याने जवळ बसवून तिसरीच्या पुस्तकातील एक उतारा वाचायला द्यावा, हातच्याची एक वजाबाकी आणि एक भागाकार सोडवून घ्यावा, आणि १/२ मोठा की १/३ मोठा हे कारणासह विचारावे. आठवीच्या वर्गातही हे करावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. मात्र त्यामुळे सलग वर्तमानपत्र वाचणारी मुलगी आणि जोडाक्षरापाशी थांबणारा मुलगा एकाच बाकावर बसलेले असतात, हे गृहीत धरूनच वर्षाचे नियोजन करावे लागते.

ही तपासणी कधीही सर्वांदेखत करू नये. अकरा ते चौदा या वयात सोबत्यांसमोरची अब्रू ही मुलांना मार्कांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. आपल्याला वाचता येत नाही हे वर्गाला कळण्यापेक्षा ‘वांड’ म्हणून बोलणी खाणे त्यांना परवडते. म्हणून प्रकट वाचनाच्या वेळी नेमके ज्याला पाणी प्यायला जायचे असते, किंवा आपली पाळी जवळ आली की जो शेजारच्याची खोडी काढतो, त्याच्याकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहण्याआधी त्याचे वाचन एकांतात तपासून घ्यावे. बरेचदा त्या खोडीचे मूळ तेथेच सापडते.

घरची भाषा हीसुद्धा तपासण्याची गोष्ट आहे. तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या घरी बंजारा भाषा बोलली जाते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा वावर आहे, उदगीरच्या बाजूला कन्नडचा, आणि अनेक गावांत दखनी उर्दूचा. मराठी हीच घरची भाषा असलेले लेकरूही वहीत ‘मी शेतात गेल्तो’ असे लिहिते. ते वाक्य तांबड्या शाईने खोडू नये. आशय बरोबर असल्याचे आधी सांगावे, मग शेजारी ‘गेलो होतो’ लिहून द्यावे आणि बोलायची एक रीत व लिहायची एक रीत असते एवढेच समजवावे. बोलण्यावर हसू झाले तर ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबावे

संयमाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित सराव म्हणजे प्रश्न विचारल्यानंतर गप्प राहणे. मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील संवादांचे ध्वनिमुद्रण करून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात; तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबले, तर उत्तरे लांबतात आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या कमी होते. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत. हात वर करणाऱ्या नेहमीच्या चार मुलांना हात खाली ठेवायला सांगावे. मुलाने उत्तर दिल्यावरही लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नये. ‘हे कसं काढलंस रे?’ एवढेच विचारून पुन्हा थांबावे.

तीच चूक पुन्हा पुन्हा होते तेव्हा

चिकाटीची खरी परीक्षा येथे होते, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. सातवीतील विद्यार्थी १/४ + १/५ = २/९ असे लिहितो. शिक्षक सांगतात, ‘लसावि काढ, छेद समान कर.’ तो तसे करतो, उत्तर बरोबर येते, आणि आठ दिवसांनी वहीत पुन्हा २/९ दिसतो. अशा वेळी तीच रीत चौथ्यांदा सांगण्याने काही साधत नाही, कारण त्या मुलाला अपूर्णांकात एक संख्या दिसतच नाही. त्याला चार सुट्या संख्या दिसतात आणि वरच्यात वरची, खालच्यात खालची मिळवणे त्याच्या दृष्टीने अगदी सरळ असते. जोपर्यंत २/९ हे उत्तर त्याच्या स्वतःच्या बुद्धीला खटकत नाही, तोपर्यंत ते जाणार नाही.

ते खटकण्यासाठी शेतजमिनीचे माप उपयोगी पडते. एक एकर म्हणजे ४० गुंठे, हे आपल्याकडच्या बहुतेक मुलांना पुस्तकाआधी ठाऊक असते. पाव एकर म्हणजे किती गुंठे, असे विचारावे. १० असे उत्तर येते. एकराचा पाचवा हिस्सा किती, तर ८ गुंठे. दोन्ही मिळून १८ गुंठे झाले. आता त्यालाच ४० गुंठ्यांचा २/९ काढायला लावावा. उत्तर ९ गुंठ्यांपेक्षाही थोडे कमी येते. मग शांतपणे विचारावे : ‘पाव एकरातच १० गुंठे होते, त्यात ८ मिळवले, तर रान कमी कसं झालं?’ यानंतर शिक्षकाने काहीही सांगू नये. काही मुले तासिका संपेपर्यंत बोलत नाहीत. काही जण दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच येऊन सांगतात की खालच्या आकड्यांची बेरीज करायची नसते. जे लेकरू हे स्वतः सांगते, त्याला लसावि कशासाठी हे दोन मिनिटांत पटते. चौकटीच्या कागदावर ४० घरांचा आयत आखून, त्यातील १० आणि ८ घरे वेगवेगळ्या रंगांनी भरून घ्यावीत, म्हणजे १८/४० डोळ्यांना दिसते, आणि दोन-दोन घरांची जोडी केली की ९/२० मिळते. ज्यांच्या घरी जमीन नाही, त्यांच्यासाठी किराणा दुकानातील तराजू घ्यावा : पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, किलोचा पाचवा हिस्सा २०० ग्रॅम, मिळून ४५० ग्रॅम, आणि किलोचा २/९ मात्र जेमतेम २२२ ग्रॅम.

एवढे करूनही काम संपत नाही. कळलेली गोष्टही विसरते, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून तोच प्रकार दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, दरवेळी आकडे बदलून, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा विचारावा. या तारखा शिकवतानाच टाचणवहीत लिहून ठेवाव्यात. आठवणीवर विसंबले तर पाठ्यक्रम पूर्ण करण्याच्या गडबडीत त्या हमखास निसटतात. विसरलेल्या मुलाला ‘कालच तर सांगितलं होतं’ हे वाक्य ऐकवू नये. त्यातून त्याला फक्त एवढेच कळते की पुढच्या वेळी अडल्यावर विचारायचे नाही.

आवाज चढण्याआधी

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे. कायदा नसता तरी या वयात छडीचा उपयोग नव्हता. सातवी-आठवीतील मूल उलट बोलते तेव्हा वर्गातील सर्वांचे लक्ष ते मूल आणि शिक्षक या दोघांवर असते, आणि माघार घेणे त्याला शक्य नसते. त्यामुळे त्या क्षणी हिशोब पुरा करण्याचा आग्रह शिक्षकाने सोडावा. आवाज खाली आणून ‘आपण हे मधल्या सुट्टीत बोलू’ असे सांगावे, आणि ताबडतोब फळ्याकडे वळावे. सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर व्हरांड्यात त्याला एकट्याला गाठावे. त्याच्या समोर उभे राहण्यापेक्षा शेजारी उभे राहिल्यास तो लवकर बोलतो. माफी वदवून घेऊ नये. काय झाले ते त्याच्याकडून पूर्ण ऐकावे, आपल्याला काय चालणार नाही ते एका वाक्यात सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याचे नाव नेहमीच्याच स्वरात उच्चारावे.

मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी असते. सहावी ते आठवीच्या काळात बऱ्याच मुलींची मासिक पाळी सुरू होते, आणि महिन्यातील ठराविक दिवशी गैरहजेरी दिसू लागते. वर्गशिक्षक पुरुष असतील तर त्यांनी ही चौकशी स्वतः न करता शाळेतील मॅडमकडे किंवा आशाताईंकडे सोपवावी, आणि स्वच्छतागृहात पाणी व दाराला कडी आहे की नाही हे मात्र स्वतः पाहावे.

ऊसतोडीला गेलेले लेकरू

बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे जाणे टाळणे आई-वडिलांच्या हाती नसते, हे समजून बोलावे. सहावी ते आठवीची मुले यात सर्वांत आधी सापडतात, कारण मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्याच्या आणि मुलगा हाताखाली काम करण्याच्या वयाचा झालेला असतो. पालकांशी बोलणे पोळ्याच्या आसपासच सुरू करावे; टेम्पो दारात आल्यावर उपदेश करून उपयोग नसतो. आजी-आजोबा मुलाला ठेवून घेणार असतील, तर गावात मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाखाण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय व्हावी म्हणून मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत प्रस्ताव पाठवावा. मूल जाणारच असेल, तर शिक्षण हमी कार्ड भरून सोबत द्यावे, म्हणजे कारखान्याच्या परिसरातील शाळेला त्याची पातळी कळते. पालकांचा मोबाइल नंबर घेऊन आठवड्यातून एकदा फोन करावा. अभ्यास विचारला नाही तरी चालेल. शाळेने आपल्याला पटावरून मनानेही काढलेले नाही, हे मुलाला कळणे पुरेसे आहे.

ते परत येते तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो, उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झालेली असते आणि परीक्षा तोंडावर असते. तरीही चालू धड्यापासून सुरुवात करू नये. जाण्यापूर्वीच्या नोंदीत त्याला जे येत होते, तेच पहिल्या दिवशी विचारावे, म्हणजे पहिली उत्तरे बरोबर येतात आणि मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत येते.

शिक्षकाचे स्वतःचे बळ

चाळीस मुलांच्या वर्गात सर्वांकडे सारखेच बारीक लक्ष देता येत नाही, आणि ऑनलाइन माहिती भरण्यातही बराच वेळ जातो. त्यामुळे एका सत्रात सर्वाधिक अडलेली चार-पाच मुले निवडून त्यांच्यासाठी रोजची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि बाकीच्यांसाठी जोडीने शिकण्याची पद्धत वापरावी. प्रगती रोज पाहू नये, ती दिसत नाही. जूनमधील वाचनाची नोंद ऑक्टोबरमध्ये आणि मग फेब्रुवारीत काढून ताडून पाहावी. कोणत्याही उपायाला यश येत नसेल, तर शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातील शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, त्या मुलाची वहीच सहकाऱ्यांपुढे ठेवावी. नुसत्या वर्णनापेक्षा वही पाहून मिळणारा सल्ला अधिक कामाचा असतो.

वर्ष संपताना मुलांच्या या नोंदींची वही कपाटात न ठेवता पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती द्यावी. प्रत्येक मुलासाठी तीन-चार ओळी पुरतात : जूनमध्ये कुठे होता, आता कुठे आहे, कोणत्या उदाहरणाने त्याला समजले, आणि त्याच्याशी कशा प्रकारे बोलू नये.