मातीतला गंधक खाणीचा की मूळचा?

खाण बंद होऊन पिढ्या उलटल्या तरी तिचा गंधक आजूबाजूच्या मातीत मुरलेला असतो. पण नुसतं प्रमाण मोजून तो खाणीचाच आहे हे कळत नाही; खतातून, पावसातून, समुद्राच्या तुषारांतूनही गंधक येतोच. म्हणून मी गंधकाच्या जड आणि हलक्या अणूंचं, म्हणजे गंधक-३४ आणि गंधक-३२ या समस्थानिकांचं गुणोत्तर बघते. खाणीतलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज, एक सल्फाइड) गंजून सल्फेट (गंधक-ऑक्सिजनचं संयुग) झालं तरी हे गुणोत्तर जवळपास तसंच राहतं, सगळी भिस्त त्यावर आहे.

सुरुवात संशयित जमिनीपासून करू नका. आधी खाणीच्या ढिगातले पायराइटचे खडे घ्या आणि त्याच जातीची, पण खाणीचं पाणी नि धूळ न पोचलेली माती घ्या. ही दोन टोकं हातात नसतील तर यंत्राचा आकडा मुकाच राहतो. मग संशयित जागेवर थराथराने नमुने घ्या, वरचा-खालचा मिसळू नका.

ओली, सल्फाइडवाली माती ओव्हनमध्ये वाळवू नका. मी एकदा रात्रभर १०५ अंशांवर ठेवली. सकाळी राखाडी ढेकळांच्या कडा गंजासारख्या तांबूस झालेल्या! सल्फाइडचं सल्फेट होऊन बसलं होतं, अख्खी खेप वाया गेली. आता मी पिशवीतली हवा दाबून काढते आणि जागेवरच बर्फात ठेवते.

सल्फेटसाठी माती पाण्यात ढवळून गाळा. कणांना चिकटलेलं सल्फेट पोटॅशियम फॉस्फेटच्या द्रावणाने सुटतं. गाळलेलं पाणी हायड्रोक्लोरिक आम्लाने चांगलं आम्लधर्मी करा, नाहीतर पुढे तळाशी बसणाऱ्या साक्यात कार्बोनेट आणि फॉस्फेटही उतरतात. मग गरम द्रावणात बेरियम क्लोराइड थेंबाथेंबाने सोडा. आधी दुधाळ ढग उठतो, मग तळाशी पांढरी पूड बसते. घाई न करता ती रात्रभर बसू द्या, धुवा, वाळवा. उरलेल्या मातीतलं सल्फाइड क्रोमियमच्या आम्ल द्रावणात उकळून वायुरूपात काढतात आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये काळ्या सिल्व्हर सल्फाइडच्या रूपात पकडतात. दोन्ही पुडी मास स्पेक्ट्रोमीटरला (अणूंना वजनानुसार वेगळं करून मोजणारं यंत्र) द्या, प्रमाणित नमुन्यांसोबत.

उत्तर ठरलेल्या प्रमाणाच्या तुलनेत दर हजारी फरकात येतं; आकडा जितका जास्त, तितका गंधक जड. समजा, स्वच्छ माती +१२, खाण +२ आणि तुमचा नमुना +५, तर १० पैकी ७ भाग फरक खाणीकडे झुकला, म्हणजे गंधकाचा सुमारे ७० टक्के वाटा तिचा.

पाणथळ जागी मात्र थांबा. तिथले जिवाणू हलका गंधक आधी उचलतात, उरलेलं सल्फेट जड होत जातं आणि खाणीची खूण झाकली जाते. सल्फेट कमी होताना आकडा चढत असेल, तर संशय जिवाणूंवर घ्या आणि सल्फेटमधल्या ऑक्सिजनचंही गुणोत्तर काढा.