तिसऱ्या पाळीतनं रात्रीच्या झोपेत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकरा वर्षं भट्टीवर तिसरी पाळी केली. मागच्या वर्षी आषाढ संपता संपता मला जनरल शिफ्टला घेतलं. घरात आनंदीआनंद. पण पाळी बदलली तरी डोळ्यांना कोण सांगणार? रात्री तीनपर्यंत टक्क जागा आणि दिवसा कामावर पेंगायचं. एकदा घरी येताना तावडे हॉटेलच्या चौकात गाडीवरच डुलकी लागली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून चार शिव्या घातल्या म्हणून वाचलो.

मी पहिली चूक केली ती लवकर पडायची. साडेनऊलाच अंथरुणात जायचं आणि पंख्याकडं बघत बसायचं. झोप बोलावून येत नाही, उठायची वेळ मात्र आपल्या हातात असते. म्हणून सुरुवात सकाळकडनं करा. मी सहा ठरवली. दोनला झोप लागली तरी सहा, रविवारी पण सहाच. गजर फोनवर लावला की फोन उशाशी येतो, म्हणून जुनं किल्लीचं घड्याळ स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवलं. बंद करायला उठून जावंच लागतं. पहिले दोन दिवस बायको घड्याळाला आणि मला, दोघांनाही बोलली.

उठल्यावर परत आडवं व्हायचं नाही, उजेडात जायचं. आम्ही फुलेवाडीत राहतो, रंकाळा तलाव जवळ. श्रावणातला पाऊस, मी छत्री घेऊन पदपथावर, समोर पाण्यात संध्यामठाची दगडी वास्तू अर्धी बुडालेली. ऊन नाही तर उपयोग काय, असं वाटायचं. पण ढगाळ आभाळाचासुद्धा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पोरगी बी.एस्सी.ला आहे, तिनं समजावलं की डोळ्यांतनं गेलेला सकाळचा उजेड मेंदूतलं मुख्य घड्याळ अलीकडं ओढतो, म्हणजे रात्री झोपही लवकर येते. या घड्याळाच्या आतली यंत्रणा शोधल्याबद्दल तिघांना 2017 चं नोबेल मिळालंय म्हणे, आणि शोध लागला तो फळमाश्यांवर! बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरासं जास्तच चालतं. म्हणून जागरण सोपं जातं आणि लवकर झोपणं जड.

त्यामुळं एकदम साडेदहाला पडायचा हट्ट नको. मी दीडपासून सुरुवात केली आणि दर दोन दिवसांनी वीसेक मिनिटं अलीकडं आलो. साडेदहावर यायला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा वाईट जातो हे आधीच सांगतो. त्या दिवसांत मी गाडी घरी ठेवून बसनं गेलो.

पडल्यावर वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. घड्याळ बघू नका, अंदाजानंच. नुसतं तळमळत राहिलं की अंथरूण म्हणजे जागायची जागा असं डोक्यात बसतं. मी झिरोच्या बल्बखाली लसूण सोलत बसायचो. काम इतकं कंटाळवाणं की दहा-बारा पाकळ्यांत मान पडायची. मग परत अंथरुणात. मोबाईल घेतलात तर मात्र तीन वाजलेच समजा.

चहा सोडणं मला सगळ्यात अवघड गेलं. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सहाचा कप अकराला निम्मा अंगात असतो. मी दुपारी तीननंतर बंद केला. त्याऐवजी कधीतरी संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबतो. समोरच म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. कच्चं दूध ज्याला सोसत नाही त्यानं हे करू नये. जेवण आठला. तांबडा-पांढरा असेल तर दुपारीच, कारण रात्री दहाला रस्सा ओरपून पडलं की छातीत जळजळ ठरलेली. दुपारची डुलकी तीनच्या आत, वीस मिनिटं, तीही खुर्चीत.

घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातनं तीन-चार रात्री झोप न येणं तीन महिने चाललं असेल, तर लसूण सोलत बसू नका, डॉक्टरकडं जा. मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं गोळी आणू नका. आमच्यातल्या एकानं आणली होती. भट्टीसमोर गुंगीत उभा असलेला माणूस मी बघितलाय.

घडी बसली आणि अनंत चतुर्दशी आली. कोल्हापुरात महाद्वार रोडची मिरवणूक सोडून घरात झोपायचं हे आपल्याला जमणार नाही. पहाटे चारला घरी आलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी गजर सातचा लावला, सहाचा नाही. तासाभराची सूट दिली, दुपारी डुलकी काढली आणि रात्री ठरल्या वेळी पडलो. दोन दिवस अंग जड होतं. तिसऱ्या दिवशी सहाला परत रंकाळ्यावर.