नाशिकमध्ये दिव्यांगांना खरोखर वापरता येतील अशी सार्वजनिक शौचालये मिळवण्यासाठी

सार्वजनिक शौचालयाच्या दारावर व्हीलचेअरचे निळे चिन्ह रंगवले की कागदोपत्री ते दिव्यांगांसाठी सोयीचे ठरते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा दार आतल्या बाजूला उघडते, आत व्हीलचेअर वळत नाही, किंवा कडीला कुलूप असते आणि आत खराटे व फिनाईलचे डबे ठेवलेले असतात. म्हणून मोहिमेची सुरुवात मोजमापापासून करावी, निवेदन नंतर लिहावे.

आपल्या प्रभागापुरतीच शौचालये निवडावीत. व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, कुबड्या घेणारी व्यक्ती आणि शक्य असल्यास एक अंध व्यक्ती सोबत घ्यावी; टेप त्यांच्या सांगण्याप्रमाणे धरावा. दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर आहे का, आत व्हीलचेअर फिरवण्यास 1500 मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा आहे का, कमोडशेजारी आधारदांडी पक्की बसवली आहे का, हे पाहावे. रॅम्पचा चढ एकास बारा या प्रमाणापेक्षा तीव्र नसावा, म्हणजे सहा इंच उंची चढण्यासाठी किमान सहा फूट लांबी हवी. रॅम्प जिथे संपतो तिथला दोन इंचांचा उंबरठाही नोंदवावा, कारण सगळा रॅम्प तेवढ्याने निरुपयोगी होतो. किल्ली कोणाकडे असते आणि ती रात्री मिळते का, हेही लिहावे. आणखी एक गोष्ट सहसा सुटते: आईला मुलाने किंवा पत्नीला पतीने आत न्यायचे असेल, तर स्त्री-पुरुष विभागांच्या बाहेरून स्वतंत्र प्रवेश असलेलेच शौचालय कामाचे ठरते.

नोंदी व छायाचित्रे झाल्यावर माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या संबंधित विभागीय कार्यालयाकडे मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि देखभालीचा करार मागवावा. अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते व उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. महापालिकेने आपल्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी कशावर खर्च झाला, हा प्रश्न दुसऱ्या अर्जात विचारावा. एका अर्जात एकच विषय बरा.

निवेदन महापालिका आयुक्तांच्या नावे असावे आणि प्रत विभागीय अधिकारी व नगरसेवकांना द्यावी. त्यात सहानुभूतीची भाषा टाळावी, ती वाचून अधिकारी हळहळतात आणि फाईल बाजूला ठेवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, निकष न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि कलम 45 नुसार जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्ये उलटली आहे, एवढे लिहून खाली प्रत्येक शौचालयाची त्रुटी आणि हवी असलेली दुरुस्ती मांडावी. आवक विभागाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी.

मात्र बांधून झालेले तोडायला लावण्यापेक्षा न बांधलेले नीट करून घेणे कितीतरी सोपे असते, त्यामुळे सर्वाधिक लक्ष निविदांवर ठेवावे. नाशिकमध्ये 2027 च्या सिंहस्थामुळे ही बाब निकडीची आहे. रामकुंड, गोदाघाट आणि तपोवन परिसरात गर्दीसाठी जी तात्पुरती शौचालये उभारली जातात, ती चौथऱ्यावर ठेवून पुढे पायऱ्या लावल्या तर व्हीलचेअरवरील भाविकाला त्यांचा काहीच उपयोग नाही. प्रत्येक गटात किमान एक शौचालय रॅम्पसह असावे आणि दिव्यांग वापरकर्त्याने तपासणी केल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक काढू नये, या दोन अटी निविदेतच घालण्याची मागणी करावी.

उत्तर आले नाही तर महापालिकेच्या लोकशाही दिनात, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी ठरवलेल्या दिवशी, अर्ज द्यावा. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदारांना बोलावणे व कागदपत्रे मागवणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रारीसोबत मोजमापाचा तक्ता, छायाचित्रे, माहिती अधिकारातील उत्तर आणि शिक्क्याची प्रत जोडावी.